राष्ट्रीय उत्पन्न कसं ठरतं: ४५ अंशाची रेघ बाजूला ठेवा, मॉडेल शीटवर बांधा

आपल्याकडं परभणी, लातूर, नांदेडला एमपीएससी करणारी किंवा बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेली पोरं 'राष्ट्रीय उत्पन्न निर्धारण' हा चॅप्टर आला की एकच काम करतात, ४५ अंशाची रेघ (जिच्यावर खर्च आणि उत्पन्न सारखं असतं) काढायची, तिला छेदणारी दुसरी काढायची, मधे टिंब, खाली 'समतोल' लिहिलं की मोकळे. मार्क मिळतात, नाही असं नाही. पण सरकारनं दहा रुपये जास्त खर्च केले तर उत्पन्न वीसनंच का वाढलं, पन्नासनं का नाही, हे विचारलं की गाडी अडते. तर हे मॉडेल स्वतःच्या हातानं कसं बांधायचं ते इथं सांगतो. मोबाईलवरची गुगल शीट पुरते, एक्सेल असेल तर चांगलंच, आणि काहीच नसलं तर वही-कॅल्क्युलेटर. गणित आठवीच्या पुढचं नाही.

पहिलं काम: हिशोब वेगळा, मॉडेल वेगळं

हे सूत्र सगळ्यांना येतं:

उत्पन्न = उपभोग + गुंतवणूक + सरकारी खर्च + निर्यात − आयात

हे मॉडेल नाही. हा नुसता हिशोब आहे, वर्ष संपल्यावर जुळवलेला, आणि तो कायम जुळतोच, कारण जो माल विकला गेला नाही तो सुद्धा 'साठ्यातली वाढ' म्हणून गुंतवणुकीत धरतात. भारतात यातला खाजगी उपभोग जीडीपीच्या साधारण ६० टक्के, स्थिर भांडवल निर्मिती (इमारती, यंत्रं, रस्ते अशी टिकाऊ गुंतवणूक) ३० टक्क्यांच्या आसपास, सरकारचा उपभोग खर्च १० च्या आसपास, आणि आयात निर्यातीपेक्षा जास्त. हे प्रमाण डोक्यात असू द्या, पुढं कामाला येतं.

आयात वजा का करायची यावर लई गोंधळ असतो. पोरांना वाटतं आयात केली म्हणजे देशाचं उत्पन्न घटलं. तसं नाही हो. समजा नांदेडच्या दुकानातून तुम्ही १५,००० चा मोबाईल घेतला, त्यातला १२,००० चा माल बाहेरच्या देशातून आलेला. उपभोगात पूर्ण १५,००० लागले. आता १२,००० तर आपण बनवलेच नाहीत, चुकून मोजले गेले, म्हणून ते आयातीच्या खात्यातून काढून टाकले. राहिले ३,०००, म्हणजे दुकानदाराचं मार्जिन, डिस्ट्रिब्युटर, टेम्पोवाला वगैरे. आयातीनं काही खाल्लं नाही, फक्त जे आपलं नव्हतं ते बाजूला झालं.

दुसरा गोंधळ सरकारी खर्चाचा. मास्तरचा पगार सरकारी उपभोगात येतो. सरकारनं रस्ता बांधला तर तो भांडवल निर्मितीत जातो (पुस्तकातल्या सोप्या मॉडेलमधे मात्र दोन्ही 'सरकारी खर्च' म्हणूनच धरतात, आपण पण तसंच करू). पण लाडकी बहीणचे १,५०० किंवा पीएम किसानचे वर्षाचे ६,००० यातलं काहीच सरकारी खर्चाच्या या रकान्यात येत नाही. ती ट्रान्सफर आहे, सरकारच्या खिशातून बाईच्या खात्यात. बदल्यात काही तयार झालं नाही. तिनं त्यातून शेंगदाणा तेल घेतलं की तेव्हा ते उपभोगात येणार. याचा परिणाम पुढं आकड्यात दाखवतो, तोपर्यंत लक्षात ठेवा.

आता मॉडेल: कोण आत ठरतं, कोण बाहेरून येतं

हिशोबाचं मॉडेल कधी होतं? जेव्हा आपण माणसांच्या वागण्याबद्दल काहीतरी गृहीत धरतो. जॉन मेनार्ड केन्सनं १९३६ च्या पुस्तकात धरलेली मुख्य गोष्ट ही की उत्पन्न वाढलं की माणूस खर्च वाढवतो पण सगळं वाढलेलं उत्पन्न खर्चत नाही, थोडं मागं ठेवतो. वाढलेल्या प्रत्येक रुपयातले जितके पैसे खर्च होतात ती सीमांत उपभोग प्रवृत्ती. आपण ८० पैसे धरू, म्हणजे ०.८.

शीट उघडा आणि सगळ्यात अगोदर दोन भाग करा. वर जे आकडे तुम्ही बाहेरून देणार ते, त्यांना पिवळा रंग मारा. खाली जे मॉडेल स्वतः काढणार ते, त्यांना हात लावायचा नाही. हे बारकं वाटतंय पण माझ्या मते अर्धा विषय इथंच संपतो. परीक्षेत गणित चुकणारी पोरं बहुतेक वेळा गुणाकारात चुकत नाहीत, ती 'उत्पन्न' हा आकडा बाहेरून टाकतात आणि मग त्याच्यातूनच उत्पन्न काढत बसतात.

सुरुवातीला सरकार नाही, परदेश नाही. उपभोग = २० + ०.८ × उत्पन्न (२० म्हणजे उत्पन्न शून्य असलं तरी होणारा खर्च). गुंतवणूक = ३०. (लाख कोटी धरा नाहीतर रुपये धरा, फरक पडत नाही.)

आता हे सरळ शीटमधे टाकायला गेलात तर शीट 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून ओरडणार, कारण उत्पन्न काढायला उपभोग लागतो आणि उपभोग काढायला उत्पन्न. घाबरू नका, इथंच तर मजा आहे. दोन रस्ते आहेत. एक बीजगणिताचा: उत्पन्न = ५० + ०.८ × उत्पन्न, म्हणजे ०.२ × उत्पन्न = ५०, म्हणजे उत्पन्न २५०. गुंतवणूक ३० ची ४० केली तर ६० भागिले ०.२ म्हणजे ३००. दहा टाकले, पन्नास वाढले, गुणक पाच.

दुसरा रस्ता फेऱ्यांचा, आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यात काय घडतंय ते दिसतं. पहिल्या ओळीत उत्पन्न कितीही लिहा, १०० लिहा. दुसऱ्या ओळीत फॉर्म्युला: ५० अधिक ०.८ गुणिले वरच्या ओळीचं उत्पन्न. आणि खाली ओढत न्या. १३०, १५४, १७३.२, असं करत करत गाडी २५० कडं सरकते. आता पहिल्या ओळीत ४०० टाका. ३७०, ३४६, ३२६.८, परत २५० कडंच येते. वरून सोडा की खालून सोडा, थांबायची जागा तीच. समतोल समतोल म्हणतात तो हा, टिंब नव्हे.

ही सरकासरकी कोण करतं? व्यापारी करतो. मोंढ्यातल्या किंवा जालन्याच्या लोखंडाच्या धंद्यातल्या माणसाकडं बघा. त्यानं ४०० चा माल भरला, गिऱ्हाईक ३७० चंच, ३० चा माल गोडाऊनला पडून. तो पुढच्या वेळी ऑर्डर कमी देतो, मिलवाला एक पाळी बंद करतो, पाळी बंद झाली की कामगाराचा पगार कमी, मग कामगार पण खरेदी कमी करतो आणि गिऱ्हाईक अजून घटतं. हिशोबात तो ३० चा पडून राहिलेला माल गुंतवणूक म्हणून लिहिला जातो, पण ती कुणी ठरवून केलेली गुंतवणूक नव्हती. ठरवलेली आणि झालेली गुंतवणूक यात फरक असेपर्यंत उत्पन्न हलत राहतं, फरक मिटला की थांबतं.

सरकार आणि परदेश आत घेतल्यावर

गुणक पाच ऐकून कुणालाही वाटेल की मग काय, सरकारनं नुसतं खर्चत सुटावं. थांबा. आता पिवळ्या भागात चार गोष्टी वाढवा: सरकारी खर्च ४०, निर्यात ३५, कर उत्पन्नाच्या २५ टक्के, आयात उत्पन्नाच्या १० टक्के. (हे भारताचे आकडे नाहीत, हिशोब सरळ यावा म्हणून घेतलेत.)

उपभोग आता हातात राहिलेल्या उत्पन्नावर ठरतो. १०० तले २५ कर गेला, ७५ उरले, त्यातले ८० टक्के म्हणजे ६० खर्च. त्या खर्चातून १० आयातीला गेले. म्हणजे उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयातले फक्त ५० पैसे परत देशातल्या मालावर येतात.

बाहेरून आलेलं सगळं मिळवा: २० + ३० + ४० + ३५ = १२५. भागिले ०.५. उत्पन्न परत २५०, पण गुणक पाचाचा दोन झाला. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर टेलला शेत असलेल्या परभणीकराला हे वेगळं समजवावं लागणार नाही, वर कितीही सोडा, वाटेत जेवढी तोंडं तेवढं टेलला कमी.

बरोबर आलं का तपासायची एक पक्की पद्धत आहे, शीटमधे शेवटी ही ओळ ठेवाच. बाहेर जाणारं आणि आत येणारं समान पाहिजे. हातातलं उत्पन्न १८७.५, उपभोग १७०, म्हणून बचत १७.५. कर ६२.५. आयात २५. बेरीज १०५. दुसरीकडं गुंतवणूक ३०, सरकारी खर्च ४०, निर्यात ३५, बेरीज १०५. जुळलं. नाही जुळलं तर कंसात कुठंतरी घोळ आहे, बहुतेक करून उपभोग पूर्ण उत्पन्नावर लावलेला असतो.

आता सरकारी खर्च ४० चा ५० करा. उत्पन्न २७०. फेऱ्यांत बघाल तर १०, ५, २.५, १.२५, ०.६२५, पाच फेऱ्यांतच १९.३७५ झाले, म्हणजे जवळजवळ सगळा परिणाम पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच संपतो. आणि कर ६२.५ चा ६७.५ झाला, म्हणजे सरकारनं घातलेल्या दहातले पाच करातून परत आले. हे परीक्षेत क्वचित विचारतात पण बजेटवर चाललेली भांडणं समजायला हाच आकडा लागतो.

मघाची ट्रान्सफर आठवा. तेच १० सरकारनं रस्त्यावर न घालता लोकांच्या खात्यात टाकले तर? पहिल्या फेरीत १० चे ८ च खर्च होतात, दोन मागं राहतात, म्हणून उत्पन्न १६ नं वाढतं, २० नं नाही. इतकंच बघून ट्रान्सफर वाईट म्हणायची घाई करू नका, कारण ०.८ हा सगळ्यांसाठी एकच धरलाय. ज्या घरात महिनाअखेर किराणा उधारीवर चालतो तिथं तो ०.९५ सुद्धा असू शकतो आणि बंगल्यावाल्याकडं ०.५. मॉडेलमधे दोन प्रकारची कुटुंबं वेगवेगळी करून बघा, दोन ओळी वाढतील फक्त.

नेट-सेटवाल्यांसाठी एक आवडता प्रश्न, पटकन: साध्या बंद मॉडेलमधे (कर ठोक रकमेचा, आयात नाही, प्रवृत्ती ०.८) सरकारनं खर्च १० नं वाढवला आणि करही १० नंच वाढवला तर? खर्चामुळं +५०, करामुळं −४०, निव्वळ +१०. संतुलित अंदाजपत्रकाचा गुणक एक. ट्रिग्वे हाव्हेल्मोनं १९४५ मधे यावर लिहिलंय. कारण तेच, सरकारचा रुपया पहिल्या फेरीत पूर्ण खर्च होतो, लोकांचा पूर्ण होत नाही. पण आपल्या वरच्या मॉडेलमधे जिथं कर उत्पन्नाच्या टक्केवारीत आहे आणि आयात पण आहे तिथं हा 'एक' लावू नका.

व्याजदर

गुंतवणूक आतापर्यंत ३० वर खिळली होती. तिला व्याजाशी जोडा: गुंतवणूक = ५० − ४ × व्याजदर. व्याज ५ टक्के असेल तर तेच ३०. व्याज ६ केलं की २६, आणि गुणक दोन म्हणून उत्पन्न ८ नं घसरून २४२. वेगवेगळ्या व्याजदराला येणारं उत्पन्न टेबलात लिहून ग्राफ काढला की तीच आयएस रेषा, जी जॉन हिक्सनं १९३७ मधे एलएम (पैशाच्या बाजाराची रेषा) सोबत मांडली. एलएमवर नवख्या माणसानं जास्त वेळ घालवू नये असं माझं मत. आता रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती थेट रेपो दरच (बँकांना ती ज्या व्याजानं कर्ज देते तो) ठरवते, मे २०२२ मधे ४ वरून वाढवत फेब्रुवारी २०२३ ला ६.५ पर्यंत नेला तसा. म्हणून व्याजदर सरळ पिवळ्या भागात ठेवा आणि पुढं चला.

हे मॉडेल कुठं फसतं: १९७२

आत्तापर्यंत एक गोष्ट आपण गुपचूप धरून चाललो होतो, की मागणी वाढली की माल येतोच. केन्सच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत कारखाने बंद पडलेले, कामगार रिकामे, म्हणून तिकडं ते चालून गेलं. आपल्याकडं?

घरातल्या जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारा. सरकारनं कामं काढली, तलाव, नाला बांध, रस्ते, खडी फोडायला माणसंच माणसं. मजुरी हातात यायली, म्हणजे मॉडेलच्या भाषेत सरकारी खर्च वाढला, गुणक चालायला पाहिजे. पण त्या मजुरीतून माणूस मागणार काय? ज्वारी. आणि ज्वारी तर रानात नव्हती. पैसा आला म्हणून पाऊस पडत नाही, पुढच्या हंगामाशिवाय धान्य वाढत नाही. मग ते बाहेरूनच आणावं लागलं, रेशनवरची ती मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी अजून लोकांच्या बोलण्यात आहे. कामं काढली म्हणून माणसं जगली, हे शंभर टक्के खरं, पण त्या खर्चाचा गुणक म्हणून इथलं उत्पादन पाचपट-दोनपट वाढलं असं म्हणता येत नाही. पुढं याच कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, १९७७ चा, १९७९ पासून लागू, आणि देशाचा कायदा आला तो २००५ ला.

गंमत म्हणजे हा मुद्दा अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी दुष्काळाच्या वीस वर्षं आधी, १९५२ मधेच मांडला होता, की शेतीप्रधान देशात केन्सचा गुणक पैशात चालतो, मालात चालत नाही. हेच राव १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर होते, महालनोबिस अध्यक्ष आणि तिसरे आपले धनंजयराव गाडगीळ. म्हणजे भारताचं उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्यांपैकीच एक जण हे सांगत होता.

शीटमधे हे कसं आणायचं: पिवळ्या भागात 'क्षमता' म्हणून एक आकडा टाका, २६० समजा. मग खरं उत्पन्न काढायला मिन फंक्शन वापरा, मागणीवरून आलेलं उत्पन्न आणि क्षमता यातलं जे लहान ते. सरकारी खर्च ५० केला की मागणी २७० म्हणते, क्षमता २६० वर अडते, मधले १० एकतर भाववाढीत जातात नाहीतर आयातीत. या १० ला वेगळी ओळ द्या, नाव द्या 'तूट'. कोरडवाहू भागाचा विचार करताना ही ओळ बाकी सगळ्या मॉडेलपेक्षा जास्त बोलते. दुष्काळाच्या वर्षी क्षमता २३० करून बघा.

जिल्ह्याचं करायचं असेल तर

बरीच पोरं प्रोजेक्टला 'हिंगोली जिल्ह्याचं उत्पन्न' किंवा 'बीडची अर्थव्यवस्था' असा विषय घेतात. मॉडेल तेच, पण आयातीचा अर्थ बदलतो, जिल्ह्याबाहेरून आलेलं सगळं आयात. सिमेंट, डांबर, डिझेल, दुचाकी, कपडा, निम्मा किराणा. आयातीचा वाटा ०.१ ऐवजी ०.४ धरला तर प्रत्येक रुपयातले २० पैसेच जिल्ह्यात फिरतात आणि गुणक १.२५ वर येतो. रस्त्याला कोट्यवधी आले तरी तालुक्याच्या बाजारात फरक का जाणवत नाही याचं बरंचसं उत्तर यात आहे.

ऊसतोडीचं लक्षात घ्या. बीडचं जोडपं कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात सहा-सहा महिने ऊस तोडतं, ती मजुरी जिथं काम झालं तिथल्या उत्पादनात मोजली जाते, बीडच्या नाही. बीडला येते ती घरी आणलेली उचल आणि शिल्लक, जी उपभोगात दिसते पण जिल्ह्याच्या उत्पादनात नाही. म्हणून जिल्हा उत्पन्नाचे आकडे वाचताना 'इथं तयार झालेलं' आणि 'इथल्या माणसांना मिळालेलं' हे वेगळं ठेवा. देशपातळीवर राज्याराज्यातला हा फरक मिटून जातो.

खरे आकडे कुठून घ्यायचे

देशाचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडून: पहिला आगाऊ अंदाज जानेवारीत, दुसरा फेब्रुवारीत, हंगामी मे अखेर, आणि त्यानंतरही सुधारत राहतात, त्यामुळं कोणत्या तारखेचा आकडा घेतला ते लिहून ठेवा. लांबच्या वर्षांची मालिका एकत्र पाहिजे तर रिझर्व्ह बँकेचं सांख्यिकी हँडबुक. राज्य आणि जिल्ह्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी', राज्याच्या बजेटच्या आधी येते. प्रवृत्ती काढताना चालू किमतीचे (त्या-त्या वर्षाच्या भावाचे) आणि स्थिर किमतीचे (एकाच आधारवर्षाच्या भावाचे) आकडे एकत्र करू नका, आणि आधारवर्ष बदललेल्या दोन मालिका एकमेकींना चिकटवू नका (२०१५ च्या जानेवारीत २००४-०५ वरून २०११-१२ वर गेले तेव्हा जुने-नवे आकडे सरळ जुळत नव्हते). उपभोगाला उत्पन्नानं भागलं की येते ती सरासरी प्रवृत्ती. सीमांत पाहिजे तर वाढीला वाढीनं भागा, किंवा शीटमधे ठिपके टाकून ट्रेंडलाईन काढा आणि तिचा चढ घ्या.

शीट तयार झाली की हे तीन बदल एकेक करून बघा, प्रत्येक वेळी बाकी सगळं मूळ आकड्यांवर परत आणून (व्याज ५ आणि क्षमतेची अट बंद). कर २५ चा २० टक्के: उत्पन्न २७१.७४. आयात १० ची २० टक्के: २०८.३३. निर्यात ३५ ची २५: २३०. दुसऱ्या बदलाला २०८.३३ ऐवजी ६२५ आलं तर आयात वजा करायची सोडून मिळवून बसलात, ते चिन्ह बदला.